ओंटारिओला यायचं म्हणतेस, तर इंजेक्शनबद्दल आधी सांगते

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बी.फार्म., हॉस्पिटलच्या फार्मसीत सहा वर्षं, कॅनडात ओंटारिओला यायचं जवळजवळ ठरलंय, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत. विचारलंयस की तिथे फार्मासिस्ट स्वतः लस टोचतात हे खरं का, आणि त्याचं ट्रेनिंग इथूनच उरकून आलं तर चालेल का. मीही तिकडूनच ओंटारिओत येऊन फार्मासिस्ट झाले; ताई म्हणून विचारलंस, म्हणून मीही अगं-तुगं करते. उत्तर दोन ओळींचं आहे, पण ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात जे सुरू झालंय ते दोन ओळींत मावत नाही.

दोन ओळी आधी घे. हो, टोचतात. आणि नाही, भारतातलं ट्रेनिंग चालत नाही. ओंटारिओ कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्सने मान्य केलेलंच लागतं. हे कॉलेज म्हणजे शिकायचं कॉलेज नव्हे. आपल्या स्टेट फार्मसी कौन्सिलसारखी, नोंदणी करणारी आणि नियम लावणारी संस्था. परीक्षा किती, कोणत्या क्रमाने, फी काय, हे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाच्या, म्हणजे सगळे ज्याला पीईबीसी म्हणतात त्यांच्या साइटवर आहे. तिथेच वाच. माझी माहिती जुनी झालेली असेल.

साइटवर नसतं ते सांगते. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचं, आणि पासपोर्टात मधलं नाव नवऱ्याचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. लग्नाआधी मधे वडील, लग्नानंतर मधे नवरा, हे आपण गृहीत धरतो. पण लांबून कागद तपासणाऱ्या माणसाला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव बदलल्याची प्रत, सगळं गोळा केलं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने बंद पाकिटात थेट पाठवायचं असतं, आपल्या हाती देऊन चालत नाही. ते पाकीट एका टेबलावर सात महिने पडून होतं. दर सोमवारी सकाळी मी फोन करायचे आणि पलीकडून "मॅडम, सही राहिलीय" एवढंच यायचं. त्या सात महिन्यांचा राग अजून गेलेला नाही. तू नावाचं काम आजच सुरू कर, पहिल्या परीक्षेचं पुस्तक उघडण्याआधी.

आता लसीकडे येते. ओंटारिओत फार्मासिस्टला फ्लूची लस द्यायची परवानगी ऑक्टोबर २०१२ मध्ये मिळाली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यात आणखी १३ आजारांवरच्या लसी आल्या: हिपॅटायटिस ए आणि बी, नागीण, एचपीव्ही, रेबीज, टायफॉइड, जॅपनीज एन्सेफलायटिस, कांजिण्या, मेनिंजायटिसची मेनिंगोकॉकल लस वगैरे. यादी वाढत जाते, निघताना ताजी बघून घे. मात्र प्रत्येक प्रांताचा कायदा निराळा. अल्बर्टाने २००७ मध्येच सुरुवात केली, ब्रिटिश कोलंबियाने २००९ मध्ये, आणि क्यूबेकमध्ये हा अधिकार थेट २०२० साली आला. एका प्रांतात मिळालेला अधिकार दुसऱ्या प्रांतात आपोआप चालत नाही. नवऱ्याची बदली होण्यासारखी नोकरी असेल तर हे आधीच ध्यानात ठेव.

त्या २०१६ च्या यादीत एमएमआर नव्हती. गोवर, गालगुंड, रुबेला. हे मला कसं पाठ झालं ते सांगते, कारण माझी मुलगी तेव्हा तुझ्या मुलीच्याच वयाची होती.

आम्ही २०१७ च्या उन्हाळ्यात आलो. मुलगी सहा वर्षांची होती. इथे इम्युनायझेशन ऑफ स्कूल प्युपिल्स ॲक्ट नावाचा कायदा आहे. ठरलेल्या लसींची नोंद आरोग्य खात्याकडे नसेल तर मुलाला २० शाळेच्या दिवसांपर्यंत शाळेत येऊ न देण्याचा आदेश निघू शकतो. आणि ती नोंद डॉक्टर करत नाहीत, आईवडिलांनी स्वतः कळवायची असते. मी कार्डाची प्रत पाठवली होती. मला वाटलं झालं काम. फेब्रुवारीत पत्र आलं: गोवराचा डोस ग्राह्य नाही, गालगुंड नाही, कांजिण्या नाही, मेनिंगोकॉकल नाही.

कार्डावर गोवराची लस होती, नवव्या महिन्यातली. इथे पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलाच डोस मोजतात, कारण त्याआधी आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसीला नीट काम करू देत नाहीत. आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात, कारण तिथे गोवर वर्षभर थांबत नाही, बाळाला लवकर वाचवायचं असतं. दोन्ही बरोबर आहेत. फार्मासिस्ट म्हणून मला दोन्ही कारणं माहीत होती, आई म्हणून एकही पटत नव्हतं. सरकारी वेळापत्रकात गालगुंड, कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल नव्हतेच, आणि आम्ही सगळ्या लसी सरकारी दवाखान्यात घेतलेल्या. त्यात तारखांचा घोळ. कार्डावरचा ०५/०४ कोणीतरी ४ मे वाचला होता.

ज्या दिवशी आदेश लागू झाला त्या दिवशी मला पत्रावरची तारीख कळलीच नव्हती. मी तिला नेहमीसारखी शाळेत सोडून कामावर गेले. तिला वर्गातून दप्तरासकट बाहेर बोलावलं आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. मी पोहोचेपर्यंत पन्नास मिनिटं ती जाकीट घालून, चेन हनुवटीपर्यंत लावून, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. इंग्रजी तेव्हा तिला पुरतं यायचं नाही. तिने मला विचारलं, "मी घाण आहे का?" कुणी तिला तसं म्हटलं नव्हतं. तिने आपल्या मनाने लावलेला अर्थ तो.

मी तेव्हा एका दुकानात फार्मसी असिस्टंट होते. आमच्या फ्रिजमध्ये कांजिण्यांची लस होती आणि माझ्या वरिष्ठांना ती टोचायचा अधिकार होता. एमएमआरचा नव्हता. म्हणजे त्यांना सहा वर्षांच्या मुलीला रेबीजची लस देता आली असती, पण गोवराची नाही. शेवटी वॉक-इन क्लिनिकमध्ये चार तास थांबून त्या दिवशी देता येण्यासारखं सगळं घेतलं. चार दिवस शाळा बुडाली. कायदा मला मान्य आहे, गोवर काय असतो ते मी पाहिलंय. त्या बाकावरची पन्नास मिनिटं मात्र मला अजून मान्य नाहीत.

लायसन्स २०१९ मध्ये मिळालं आणि लगेच इंजेक्शनचं ट्रेनिंग घेतलं. आधी ऑनलाइन भाग: लसींचं शास्त्र, शीतसाखळी म्हणजे लस थंड ठेवणं, संमती, ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. मग एक दिवस प्रत्यक्ष. शिवाय प्रथमोपचार आणि सीपीआरचं चालू सर्टिफिकेट लागतं, आणि ट्रेनिंग झाल्याची नोंद कॉलेजकडे करावी लागते.

तो प्रत्यक्ष दिवस मी विसरणार नाही. जोड्या लावल्या आणि एकमेकींना सलाइन टोचायचं होतं. माझी जोडीदार इजिप्तची होती, माझ्याच वयाची. मी चौदा वर्षं औषधं हाताळली होती, पण परक्या माणसाच्या अंगाला धंद्यात कधी हात लावला नव्हता. मधे कायम काउंटर. तिने बाही वर केली आणि मला तिच्या खांद्याचं हाड शोधायचं होतं. ॲक्रोमिअनची कड लागली, तिथून दोन-तीन बोटं खाली, डेल्टॉइड स्नायूचा जाड भाग, सुई ९० अंशांत. बोटं ठेवली आणि थरथरायला लागली. ती म्हणाली, "दाब अजून, मी मोडत नाही." तिचा खांदा गरम होता. त्या क्षणी मला कळलं की मी कुठलं काम करायला आलेय.

तुला खरं जे सांगायचंय ते यापुढचं. त्या दिवसानंतर माझा हात पुन्हा कुणी बघितला नाही.

२०२१ च्या शरदात दुकानात फ्लूसाठी रांगा लागायच्या, कोविडचेही डोस सुरूच होते. रोज तीस-चाळीस जणांच्या दंडात टोचायचं. मी उभी आणि माणूस खुर्चीत, कारण बसा-उठायला वेळ नव्हता. उभं राहून टोचलं की हात नकळत वर जातो आणि सुई स्नायूऐवजी सांध्याजवळ जाऊ शकते. हे मला शिकवलं होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तरही बरोबर दिलं होतं. दोन आठवड्यांनी एक गृहस्थ आले, साठीचे, सुतारकाम करणारे. हात खांद्याच्या वर जात नव्हता. टोचल्याच्या रात्रीपासून दुखतंय म्हणाले. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली आणि मला पाहताक्षणी कळलं. फार वर.

लसीनंतरचा त्रास म्हणून आरोग्य खात्याला कळवायचा फॉर्म मी त्याच दुपारी भरला. पण त्यांच्यासमोर "माझ्याकडून चुकलं" हे शब्द निघाले नाहीत. भीती वाटली, लायसन्स जाईल, केस होईल, इतकी वर्षं पाण्यात जातील. ओंटारिओत २००९ चा अपॉलॉजी ॲक्ट आहे, दिलगिरी म्हणजे दोष कबूल केल्याचा पुरावा धरत नाहीत, हे मी नंतर वाचलं. आठ दिवसांनी त्यांना फोन केला आणि सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मला वाटतच होतं. फिजिओथेरपीने पाच महिन्यांत हात सुटला. आठ दिवस उशीर का केला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून ट्रेनिंग कुठून करू, हा तुझा प्रश्न मला अपुरा वाटतो. ते एका दिवसात होतं. नंतरचं कोण बघणार, हे विचार. ओंटारिओत वर्षाला अमुक तास शिकलंच पाहिजे असं बंधन नाही; आपलं आपण मूल्यमापन करून लर्निंग पोर्टफोलिओ, म्हणजे काय शिकलो त्याच्या नोंदी, ठेवायचा. ब्रिटिश कोलंबियात वर्षाला किमान १५ तास आणि ६ नोंदी लागतात. आपल्याकडे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पाच वर्षांत दोन रिफ्रेशर कोर्स सांगितलेत. तास मोजल्याने हात सुधारतो असं मला वाटत नाही, पण सगळंच आपल्यावर सोडलं की गर्दीच्या मोसमात सगळ्यात आधी तेच राहून जातं. माझ्या मते ज्याला टोचायचा अधिकार आहे त्याला दोन-तीन वर्षांतून एकदा दुसऱ्याने समोर उभं राहून बघितलं पाहिजे. नियमात येईल तेव्हा येवो. आम्ही दुकानात दर सप्टेंबरला एकमेकांचा हात बघतो. ज्या दुकानात मुलाखतीला जाशील तिथे विचार: टोचायला वेगळी खोली आहे का, स्टूल आहे का, आणि रांग वाढली तर "आता थांबते" म्हणायची मुभा आहे का. पगाराच्या आधी विचार.

एकटेपणाचंही विचारलंयस. असतो. कामाला लागलीस की कमी होतो. २०२१ मध्ये बाबांना तिकडे पहिला डोस मिळाला तेव्हा फोनवर मी त्यांना पहिला प्रश्न केला, खांद्यापासून किती बोटं खाली टोचली. ते म्हणाले, मला काय माहीत, तू ये आणि बघ. बस, याहून जास्त लिहीत नाही.

मुलीच्या कार्डाचं मात्र नीट ऐक. निघण्याआधी वाढदिवसानंतरचा एमएमआर, कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल झालेत का बघ. नसतील तर बालरोगतज्ज्ञांशी बोलून तिकडेच घे. तारखेत महिना अक्षरात लिहून घे, लसीचं पूर्ण नाव, डॉक्टरांचा शिक्का. आल्या आल्या स्वतः आरोग्य खात्याला कळव आणि नोंद झाल्याची खात्री करून घे. पत्राची वाट बघू नकोस.

माझी आता चौदाची आहे. मागच्या ऑक्टोबरला शाळा सुटल्यावर फ्लूच्या लसीसाठी दुकानात आली. घरच्यांवर आपण उपचार करू नयेत असं कॉलेजचं धोरण आहे, त्यामुळे सहकाऱ्याने टोचली. मी दाराशी उभी होते. तो सुई घेऊन आला तसं तिने पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "आधी बसा." मी तिला त्या गृहस्थांबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. माझं फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडून तिने ऐकलं असणार.