प्रशिक्षण समन्वयकाची नोकरी : होकार देण्याआधी काय विचारावं?

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पूर्ण केलं. बौद्धिक दिव्यांग मुलं आणि वृद्धांसाठी निवासी केंद्र चालवणाऱ्या एका संस्थेने तिला ‘प्रशिक्षण समन्वयक’ म्हणून बोलावलंय. साठेक कर्मचारी आहेत. यात पुढे काही वाव आहे, की नुसते कार्यक्रम भरवायचे? – एक पालक, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. बऱ्याच संस्थांत प्रशिक्षण म्हणजे वर्षातले दोन रविवार, बाहेरचे वक्ते, पीपीटी, जेवण आणि सह्यांचा कागद. सोमवारी केंद्रातल्या काळजी घेणाऱ्या मावशी आधीसारखंच काम करू लागतात. असंच चालणार असेल तर दोन वर्षांनी मुलीकडे फोटोंपलीकडे दाखवायला काही नसेल. पण संस्थेची मनापासून तयारी असेल, तर ही फार मोलाची जागा आहे.

एकच काम घ्या. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचंय. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी जरा तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, आजोबांचे तळवे जमिनीला टेकवायचे, मग आपले गुडघे वाकवून त्यांना कमरेला धरून उठवायचं. घाईत हमखास काखेत हात घालून ओढलं जातं. त्याने लुळ्या बाजूचा खांदा दुखावतो, निखळूही शकतो, आणि मावशींची कंबर धरते ती वेगळीच. हे व्याख्यानाने येत नाही. फिजिओथेरपिस्टने करून दाखवावं, आठ-दहा जणींच्या गटात एकमेकींवर सराव व्हावा, पंधरा दिवसांनी ड्युटीवर जाऊन पाहावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा. तुमच्या मुलीचं खरं काम या शेवटच्या दोन फेऱ्यांत आहे, आणि नेमक्या त्याच गाळल्या जातात.

सुरुवातीला तिने एक साधा तक्ता करावा. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत कामं : भरवणं, कूस बदलणं, औषधांची नोंद, फिट आल्यावर काय करायचं. प्रत्येक चौकटीत लिहायचं : दाखवलंय, स्वतः करते, की दुसरीला शिकवू शकते. रात्रपाळीच्या ओळी बहुधा कोऱ्या निघतात, कारण वर्ग दिवसा होतात. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, हे तर रात्रीच्या माणसालाही ठाऊक असायलाच हवं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बिनपगारी स्वयंसेवकही येतात. त्यांनाही वगळू नये.

प्रशिक्षण बुडतं ते बहुतेक वेळा ड्युटीच्या तक्त्यात. चार जणी वर्गात बसल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार? बदली माणसाचे पैसे आधीच धरलेले नसतील तर सगळं कागदावर राहतं. परदेशी देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्याविषयीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे संस्थांचा हात आखडता असतो. म्हणून प्रकल्पाचा प्रस्ताव लिहितानाच प्रशिक्षण आणि बदली माणसं यांचा खर्च त्यात घालायला मुलीने शिकावं. हे जमणारी माणसं कमी आहेत. पुढे कार्यक्रम व्यवस्थापक, संस्थेचा मनुष्यबळ विभाग किंवा कंपन्यांचं सीएसआर (सामाजिक जबाबदारीचं काम), या वाटा याच कौशल्यावर उघडतात. विशेष शिक्षकांची (दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्यांची) भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण यांवरही तिला लक्ष ठेवावं लागेल, तेव्हा ते नियम आधीच वाचून ठेवावेत.

मुलाखतीत तिने स्पष्ट विचारावं : प्रशिक्षणासाठी यंदा किती रक्कम धरली आहे? बदली माणसं मिळतील का? मी कोणाला जबाबदार असेन, केंद्रप्रमुखांना की कार्यालयाला? गेल्या वर्षभरात किती केअरटेकर सोडून गेले आणि का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सावध व्हावं. पगार तुटपुंजा असेल तर शिकवलेली माणसं टिकत नाहीत आणि खापर प्रशिक्षणावर फुटतं.

होकार देण्याआधी केंद्रात एक पूर्ण पाळी बसून पाहण्याची परवानगी मागा, जमल्यास रात्रीची. ती मिळाली नाही, तर दुसरी संस्था पाहिलेली बरी.