चारधाम महामार्गामुळे यात्रा खरोखर सोपी झाली आहे का, आणि त्यावर एवढी टीका का होते?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: रस्ता रुंद झाल्यामुळे चारधाम यात्रा सोपी झाली आहे का, सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाण्यास हरकत नाही ना, आणि देवस्थानांकडे जाणाऱ्या रस्त्यालाही लोक विरोध का करतात. मी स्थापत्य अभियंता आहे. माझी बरीचशी नोकरी सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या संरक्षक भिंती आणि दरडी यांच्यातच गेली, आणि आईवडिलांना घेऊन मी ही यात्राही केलेली आहे. थोडक्यात सांगायचे तर पावसाळा टाळून गेलात तर प्रवास पूर्वीपेक्षा निश्चितच सुखाचा आहे. रस्ता हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप आहे तो त्याच्यासाठी ठरवलेल्या रुंदीला आणि ती रुंदी ज्या घाईने डोंगर कापून काढली त्या घाईला.

या प्रकल्पाची पायाभरणी २७ डिसेंबर २०१६ रोजी देहरादून येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाली. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ व बद्रीनाथ यांच्याकडे जाणारे रस्ते आणि कैलास-मानसरोवराच्या वाटेवरचा टनकपूर-पिथौरागढ रस्ता असे मिळून सुमारे ८८९ किलोमीटर रुंद करायचे, आणि त्यासाठी सुमारे १२,००० कोटी रुपये खर्च करायचे, असा तो बेत होता. नवा रस्ता त्यात फारसा नव्हता. होता तोच रस्ता दोन पदरी करून दोन्ही अंगांना डांबरी बाजूपट्ट्या द्यायच्या, म्हणजे एकूण १० मीटर डांबरी रुंदी मिळवायची, असे ठरले. १०० किलोमीटरपेक्षा लांब राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करून मंजुरी घ्यावी लागते. येथे मात्र कामाचे ५३ तुकडे पाडले गेले आणि एकही तुकडा १०० किलोमीटरच्या वर गेला नाही. बायपासमुळे हे तुकडे मुळातच स्वतंत्र ठरतात, अशी सरकारची बाजू होती. कागदावर ती बसते. पण डोंगराला तुकडे कळत नाहीत, आणि माझ्या मते पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ या एका निर्णयात आहे.

आता रुंदीचा हिशेब पाहू, कारण ठरलेले १० मीटर आणि टीकाकार मागत होते ते साडेपाच मीटर यांत साडेचार मीटरांचाच तर फरक, असे वाचणाऱ्याला सहज वाटते. समजा, डोंगराचा उतार ४५ अंशांचा आहे आणि कापलेली भिंत आडव्या एका मीटरला उभे दोन मीटर या प्रमाणात वर जाते. अशा जागी साडेपाच मीटरच्या रस्त्यासाठी, गटार व कठडा धरून, ७ मीटरची सपाटी काढायची असेल तर वरची भिंत १४ मीटर उंच होते आणि रस्त्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे ४९ घनमीटर दगडमाती निघते. १० मीटरच्या रस्त्यासाठी तीच सपाटी १२ मीटरची करायची ठरली की भिंत २४ मीटरांवर जाते आणि दगडमाती १४४ घनमीटर निघते. रुंदी पावणेदोन पटही वाढत नाही, पण कापलेल्या डोंगराचा ढीग जवळजवळ तिप्पट होतो. ही शाळेतली भूमिती आहे. प्रत्यक्षात जुना रस्ता आधीच कापलेला असतो, उतार जागोजागी बदलतो, म्हणून आकडे बदलतील, पण वाढीची दिशा हीच राहील. निघालेला राडारोडा ठरलेल्या जागीच टाकायचा असा नियम आहे. तो अनेक ठिकाणी दरीत, म्हणजे शेवटी अलकनंदेच्या नाहीतर भागीरथीच्या पात्रात ढकलला गेला, ही तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचली.

आपल्याकडच्या घाटांचा अनुभव तेथे पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. सह्याद्रीचा कातळ भाकऱ्यांच्या चवडीसारखा आडव्या थरांचा आहे. तो उभा कापला तरी बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षे टिकतो, आणि दरड येते ती बहुतेक वेळा कातळावरच्या मातीची किंवा सुटलेल्या धोंड्यांची. गढवालमध्ये, म्हणजे चारधामांच्या या डोंगराळ भागात, खडकाचे थर तिरपे आहेत, दाबाने चुरडलेले आहेत, आणि ते रस्त्याच्या बाजूला कलले असतील तर पायथा कापताच वरचा थर घसरायला मोकळा होतो. हिमालयाची मुख्य मध्यवर्ती भ्रंशरेषा, म्हणजे खडकांचे दोन पट्टे जिथे एकमेकांवर सरकले ती मोठी भेग, याच खोऱ्यांना आडवी छेदते. बद्रीनाथच्या वाटेवर ती हेलंगजवळ ओलांडावी लागते. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप याच पट्ट्यातले. त्यातच अनेक गावे जुन्या दरडींच्या ढिगाऱ्यावर वसलेली आहेत. जोशीमठ त्यांपैकी एक. १९७६ सालीच मिश्रा समितीने तेथे उतारावरचे धोंडे हलवू नका, सुरुंग लावू नका, असे बजावले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील घरांना तडे जाऊ लागले तेव्हा महामार्गाच्या हेलंग-मारवाडी बायपासचे कामही थांबवावे लागले. तडे केवळ रस्त्यामुळे गेले असे मी म्हणणार नाही. सांडपाण्याचा निचरा नसणे, वाढलेली बांधकामे, जवळचा जलविद्युत बोगदा अशी कितीतरी कारणे सांगितली जातात. पण सावधगिरीचा इशारा सत्तेचाळीस वर्षे हाताशी होता, हे विसरता येत नाही.

प्रत्यक्ष रस्त्यावर हे कसे दिसते ते एका ठिकाणचे सांगतो. गढवालमधले श्रीनगर ओलांडून रुद्रप्रयागकडे जाताना सिरोबगडच्या अलीकडे आमची गाडी थांबवली गेली. पुढे एक पोकलेन उतारावरून आलेली माती बाजूला करत होते. रस्त्याच्या कडेला शिट्टी घेतलेला एक माणूस उभा होता आणि त्याचे काम एवढेच होते की पोकलेनकडे न बघता सतत वर बघत राहायचे. खडे गळू लागले की शिट्टी वाजायची, चालक यंत्र मागे घ्यायचा, आणि धूळ बसली की पुन्हा पुढे यायचा. कापलेल्या भिंतीच्या माथ्यावर चीडाची झाडे अर्धी मुळे उघडी पडून वाकलेली होती. जाळी, रॉक बोल्ट (खडक धरून ठेवण्यासाठी आत बसवायच्या लांब लोखंडी सळ्या), माथ्यावरचे पाणी अडवून बाजूला नेणारे गटार, यांतले तेथे काहीच नव्हते. माझ्या दृष्टीने खरा दोष येथे आहे. उतार कापला की त्याच हंगामात, वरून खाली येत, टप्प्याटप्प्याने तो बांधून काढायचा असतो. तेथे अनेक ठिकाणी आधी सगळी रुंदी काढून घेतली गेली आणि उताराचे काम मागाहून, स्वतंत्र निविदा काढून होऊ लागले. मधल्या काळात एक-दोन पावसाळे त्या उघड्या भिंतीवर कोसळून गेले.

न्यायालयातला भाग आता आटोपता घेतो. सिटिझन्स फॉर ग्रीन दून या संस्थेच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समिती रुंदीवरूनच फुटली: बहुमत रुंद रस्त्याच्या बाजूने गेले, तर अध्यक्षांसह अल्पमताने साडेपाच मीटरचा आग्रह धरला. गंमत म्हणजे डोंगरी रस्ते साडेपाच मीटरचेच असावेत असे परिपत्रक रस्तेवाहतूक मंत्रालयाने स्वतःच मार्च २०१८ मध्ये काढलेले होते, आणि त्याच आधारावर न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये साडेपाच मीटर मान्य केले. त्यानंतर मंत्रालयाने परिपत्रक बदलले, संरक्षण मंत्रालयाने चीन सीमेपर्यंत अवजड सामग्री नेण्याची गरज मांडली, आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने ऋषिकेश-माणा (बद्रीनाथच्या पुढचे सीमेजवळचे गाव), ऋषिकेश-गंगोत्री व टनकपूर-पिथौरागढ या तीन रस्त्यांना १० मीटरची परवानगी दिली. देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांची समिती नेमली. पुढे चोप्रा यांनी आपल्या समितीचे अध्यक्षपद सोडले.

लष्कराची गरज मी हलकी मानत नाही. १९६२ च्या युद्धानंतरच या खोऱ्यांतले मोटाररस्ते सीमेकडे सरकले, आणि यात्रेकरूंनी चट्टीचट्टीवर, म्हणजे वाटेवरच्या उतारशाळांत, मुक्काम करत आठवडेच्या आठवडे पायी चालण्याचे दिवस संपले ते त्याच रस्त्यांमुळे. बाळंतीण असो वा अपघातातला जखमी, वरच्या गावांतल्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी श्रीनगर, ऋषिकेश गाठावे लागते, त्यालाही रस्ता हवाच आहे. पण सैन्याला आणि आजाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती रस्ता उघडा असण्याची. दरडीखाली गेलेला १० मीटरचा रस्ता आणि दरडीखाली गेलेला साडेपाच मीटरचा रस्ता यांचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य.

बोगदे हा पर्याय आपल्या मनात आला असेल. उतार उघडा न पाडता अंतर कमी करण्याचा तो चांगला मार्ग आहे. चंबा शहराखालच्या ४४० मीटरच्या बोगद्याने तेथील कोंडी फोडली. मात्र त्यासाठीही खडकाचा अभ्यास आधी पूर्ण व्हावा लागतो. यमुनोत्रीच्या वाटेवरच्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, आतला भाग कोसळून ४१ कामगार अडकले. सुमारे ६० मीटर राडारोड्यातून वाट काढताना अवजड यंत्र मोडले आणि शेवटचे काही मीटर हाताने खोदून सतराव्या दिवशी सर्वांना बाहेर काढले गेले. ते सगळे वाचले, हे त्या खोदणाऱ्या मजुरांचे श्रेय.

यापुढे माझी काळजी उत्तरकाशीपासून गंगोत्रीपर्यंतच्या टप्प्याबद्दल आहे. २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेले हे भागीरथीचे खोरे आहे, आणि हर्सिलच्या आसपास रस्त्याकडेला देवदारांचे दाट वन आहे. रुंदीसाठी ते देवदार तोडावे लागतील. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावरचे धराली गाव खीर गाड या ओढ्याच्या लोंढ्याखाली गेले. तो लोंढा रस्त्याने आणला नाही. पण अशा खोऱ्यात मुळांनी धरून ठेवलेला उतार मोकळा करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. तेथे साडेपाच मीटर, जागोजागी गाड्या बाजूला घेण्यासाठी रुंद जागा आणि पक्के बांधलेले उतार एवढे पुरे आहे.

आता आपल्या आईवडिलांविषयी. चांगल्या रस्त्याचा एक तोटा कोणी सांगत नाही: माणूस फार लवकर वर पोहोचतो. ऋषिकेश समुद्रसपाटीपासून ४०० मीटरही उंच नाही आणि चारही धामे ३,००० मीटरच्या वर आहेत. पूर्वी रस्ताच सावकाश नेत असे. आता चालक एका दिवसात बद्रीनाथ गाठून देतो आणि संध्याकाळी वयस्कर माणसाला धाप लागते, डोके दुखते. म्हणून वाटेत जोशीमठ किंवा पिंपळकोटी येथे मुक्काम करा, गंगोत्रीसाठी उत्तरकाशी किंवा हर्सिल येथे, आणि रक्तदाब वा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. केदारनाथला आजही गाडी जात नाही. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण पायी, घोड्यावर, पालखीत किंवा हेलिकॉप्टरने करावी लागते. सोनप्रयागहून १२.९ किलोमीटरचा रोपवे मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला आहे, पण आपल्या यात्रेला त्याचा उपयोग नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मंदिरांची कपाटे, म्हणजे दारे, उघडतात तेव्हा पहिल्या पंधरवड्यात गर्दी अफाट असते. २०२३ च्या हंगामात यात्रेकरूंची संख्या ५० लाखांच्या वर गेली, आणि त्या प्रमाणात वरच्या गावांत ना खोल्या वाढल्या ना गाड्या उभ्या करायला जागा. मी सप्टेंबरचा शेवट ते दिवाळीपूर्वीचे दिवस सुचवेन: दरडी कमी झालेल्या असतात आणि आकाश स्वच्छ असते. नोंदणी सक्तीची आहे, ती आधी करा. डोंगरी रस्त्यांवर रात्री वाहतूक बंद ठेवतात, तेव्हा रोजचा मुक्काम उजेडी गाठण्याचा बेत ठेवा. आणि हरिद्वारला परत पोहोचण्याच्या दिवसाचेच परतीच्या रेल्वेचे आरक्षण करू नका, मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडा; सिरोबगडला गाडी तास थांबेल की रात्रभर, हे तेथील पोलिसांनाही आधी सांगता येत नाही.