जुन्या जिप्सीला आधी लॉकर बसवावा की अ‍ॅक्सल बदलावेत?

टायर कंपनीच्याच मापाचे असतील तर आधी फक्त मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला, लॉकर बसवा, अ‍ॅक्सलला हात लावू नका. जिप्सीला फोर-व्हील टाकली तरी काळ्या रानात पाऊस पडून गेला की पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं गरागरा फिरतात, उरलेली दोन जागची हलत नाहीत. साध्या डिफरन्शियलचं असंच असतं. लॉकर मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवतो. जालन्याकडे गॅरेजात हेच काम करतो म्हणून सांगतो: अ‍ॅक्सल शाफ्ट पिळून तुटलेली गाडी आली की मी आधी टायर बघतो, बहुतेक वेळा दांडगेच घातलेले असतात. तसे घालायचे असतील तर क्रम उलटा, आधी मजबूत शाफ्ट, मग लॉकर. पुढे मात्र लॉकर नकोच. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही जोर पोचवणारा सांधा) गेलाच समजा. शक्यतो बटणाने चालू-बंद होणारा लॉकर घ्या आणि डांबरीवर आल्यावर तो बंद करा. फक्त टायरच्या खाचा त्या चिकट मातीने बुजल्या, तर लॉकर असूनही गाडी जागच्या जागी रुतते. तेव्हा ट्रॅक्टरच बोलवा.