केशपेशींवर संशोधन करायचंय. मग ऑडिओलॉजी का नको?

प्रश्न : मुलगी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतःकर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या वाढत्या केशपेशींमधल्या कॅल्शिअम संकेतांवर संशोधन करायचं म्हणते. विषय फारच चिंचोळा वाटतो. त्यापेक्षा ऑडिओलॉजी केलेली बरी नाही का? – एक पालक

उत्तर : ऑडिओलॉजी चांगला व्यवसाय आहे, पण तिथे श्रवणशक्ती तपासतात, श्रवणयंत्र बसवून देतात. पेशीत कॅल्शिअम कधी शिरलं, हे पाहायची वेळ तिथे येत नाही. मुलीला जे हवंय त्याची वाट शरीरक्रियाशास्त्र, चेताविज्ञान किंवा जैवभौतिकीतल्या पदव्युत्तर शिक्षणातून पीएचडीकडे जाते.

आता चिंचोळेपणाचं. उंदराच्या पिल्लाला साधारण १२व्या दिवसापर्यंत ऐकू येत नाही. तरी त्याआधीच शेजारच्या आधारपेशी एटीपी हा रेणू सोडतात, त्यातून पोटॅशिअम बाहेर पडतं, केशपेशी उद्दीपित होते, तिच्यातल्या सीएव्ही १.३ या कॅल्शिअम वाहिन्या (कॅल्शिअमला आत घेणारी दारं) उघडतात आणि बाहेर आवाज नसतानाच श्रवणतंतूला संदेश जातो. हीच वाहिनी हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशींतही असते. तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर बहिरेपणाबरोबर हृदयाचे ठोकेही मंदावतात. म्हणजे इथे शिकलेलं हृदयाच्या प्रयोगशाळेतही चालतं. औषधक्षेत्रातही या पेशींच्या अभ्यासाला मागणी आहे : केशपेशीतलं कॅल्शिअम ओळखणारं ओटोफर्लिन हे प्रथिन ज्यांच्यात बनत नाही, अशा मुलांवरच्या जनुकोपचाराचे निकाल २०२४मध्ये प्रसिद्ध झाले आणि काही मुलांना ऐकू येऊ लागलं.

रोजचं काम मात्र तिला आधी पाहू द्या. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाची शंखिका, म्हणजे अंतःकर्णातला केशपेशी असलेला शंखाकृती भाग, काढायची. पुढे हाड कडक होतं आणि ऊती फाटते. मग फ्लुओ-४ हा कॅल्शिअम मिळालं की चमकणारा रंग ५ ते १० मायक्रोमोलर घेऊन, अंधारात, खोलीच्या तापमानाला अर्धा-पाऊण तास भरायचा. ३७ अंशांवर ठेवला तर तो पेशीच्या आतल्या कप्प्यांत जाऊन बसतो आणि पेशीद्रवातला संकेत मंद दिसतो. आणखी एक फसगत : आधारपेशींतही रंग भरतो, त्यांची संथ लाट केशपेशीची म्हणून मोजली जाते. या रंगाची चमक एकाच तरंगलांबीवर मोजतात, त्यामुळे ऊती जराशी हलली किंवा रंग विरला तरी आलेख बदलतो. कॅल्शिअम जिथल्या तिथे असतं. आणि सेकंदाला एक चित्र घेतलं तर काही मिलिसेकंदांचे स्पंद हातून निसटतात. चांगली नोंद आणि निरुपयोगी नोंद यांतला फरक बहुतेक इथेच ठरतो, म्हणून प्रतिमा-विश्लेषण आणि पायथन ही संगणकभाषा शिकणं आत्ताच सुरू करावं. गणित जेमतेम असलं तरी चालेल, पण विद्युतमंडलाचा धाक असेल तर पॅच-क्लॅम्प या पेशीतला विद्युतप्रवाह मोजण्याच्या तंत्रापुढे टिकणं कठीण.

पिल्लांवर काम करणं जमणार नसेल, तर झेब्राफिशच्या अळ्या आहेत. त्यांच्या केशपेशी अंगावरच असतात, कॅल्शिअमदर्शक प्रथिन जनुकातूनच घालता येतं, चिरफाड लागत नाही. मात्र सस्तन प्राण्यांतल्या त्या आधारपेशींच्या लाटांचा प्रश्न तिथे सोडवता येत नाही. प्रयोगशाळा निवडण्याआधी आपला प्रश्न कोणता, हे तिनं ठरवलेलं बरं.

मार्गदर्शकांना पत्र लिहिताना 'मला श्रवणात रस आहे' एवढ्यावर थांबू नये. त्यांच्या एका शोधनिबंधातला एखादा आलेख उचलून त्याबद्दल नेमका प्रश्न विचारावा. भेटीला गेल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोलावं : पॅच-क्लॅम्पची यंत्रणा आत्ता चालू आहे का, आणि ती शिकवणारा माणूस पुढची दोन वर्षं तिथे असणार आहे का? यंत्र आहे पण शिकवणारा गेलेला, अशा ठिकाणी पहिलं वर्ष नुसत्या चाचपडण्यात जातं.