पान ४३ सापडलं पाहिजे

छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांना डिजिटल पुस्तक कसं मिळेल, हे विचारणारी पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येत आहेत. त्यातले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, तिला फार कमी दिसतं. शाळेच्या ग्रुपवर धड्यांच्या पीडीएफ येतात, पण टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी मोबाईलमधली सोय) त्या वाचत नाही. मोबाईल बदलावा लागेल का? – एक आई, चोपडा

ताई, मोबाईलला काही झालेलं नाही, दोष फाइलमध्ये आहे. टॉकबॅक बंद करून ती पीडीएफ उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडलाच गेला नाही, तर तो पानाचा फोटो आहे. त्यात अक्षरं तुम्हाला दिसतात, मोबाईलला दिसत नाहीत. शब्द निवडला गेला, तर तो कॉपी करून व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पाठवून बघा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर पुस्तक जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं असंच काम झालं, त्यामुळे डोळ्याला सुबक दिसणारी कितीतरी पुस्तकं कानाला निरुपयोगी आहेत.

उपाय आहे. शाळेतल्या किंवा ई-सेवा केंद्रातल्या संगणकावर ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडा. चित्रातली मराठी अक्षरं ओळखून तो खरा मजकूर करून देतो. अख्खं पुस्तक एकदम टाकू नका, एकेक धडा घ्या. मग कोणीतरी तो मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलाच पाहिजे. रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, चौकटीतला मजकूर मधल्याच परिच्छेदात घुसतो. गणित-विज्ञानात एक आकडा चुकला तरी मुलीचं उत्तर चुकणार आणि चूक तिच्या माथी येणार.

तुमच्या मुलीला थोडं दिसतं, म्हणून आणखी एक. पीडीएफ मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ईपब (ई-पुस्तकाचा एक फाइल-प्रकार) किंवा वर्डच्या फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पडद्यात बसतात. काळ्यावर पिवळं, काळ्यावर पांढरं, जे तिच्या डोळ्याला मानवेल ते ठेवता येतं. ते तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : आमचे आप्पा निवृत्त शिक्षक आहेत. ते नातवासाठी इतिहासाचं पुस्तक वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करतात. एवढं पुरेल ना? – अमळनेर

आप्पांना माझा नमस्कार सांगा. ओळखीच्या आवाजात धडा ऐकण्याची गोडी कोणत्याही यंत्राला येणार नाही, ते काम थांबवू नका. पण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. वर्गात सर म्हणतात, ‘पान ४३ काढा, दुसरा परिच्छेद.’ बाकीची मुलं दोन सेकंदांत तिथे पोहोचतात. तुमच्या मुलाकडे तासभराचं एकच सलग रेकॉर्डिंग आहे. तो पुढे-मागे करत राहतो, सापडेपर्यंत सरांचं शिकवून झालेलं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री तर आणखी हाल. पुस्तक आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच वाचून ठेवून देत नाही. त्यात परत जातो, शोधतो, दोन परिच्छेद ताडून बघतो, स्वाध्याय वाचून उत्तरासाठी मागे येतो. हे सगळं त्यालाही करता आलं, तरच त्याच्याकडे पुस्तक आहे असं मी म्हणेन.

नेमक्या याच गरजेतून ‘डेझी’ नावाची पुस्तकरचना आली. त्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था १९९६ साली स्थापन झाली. डेझी पुस्तकात आवाज आणि मजकूर एकमेकांना जोडता येतात, आणि धडा, उपशीर्षक, पान, वाक्य अशा पायऱ्यांनी पुढे-मागे जाता येतं. आजच्या ईपब ३ मध्येही ही सोय करता येते.

आप्पांना लगेच करता येण्यासारखं सांगते. एका पाठाची एक फाइल न करता प्रत्येक उपशीर्षकाची वेगळी फाइल करा. पान बदललं की ‘पान ४३’ असं मोठ्याने म्हणा. चित्राखालची ओळ आणि स्वाध्याय गाळू नका. फाइलला नाव देताना आधी आकडा घाला : ‘०५-२ पान ४३’. सगळ्या फाइली मग ओळीने लागतात. वाचताना आपलं मत मध्ये घालायचा मोह आवरा, कारण मुलाला पुस्तक काय म्हणतं आणि आप्पा काय म्हणतात हे वेगळं कळायला हवं.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. डोळे उत्तम, बोलण्यात हुशार, पण वाचायला बसला की अक्षरं अडतात. डॉक्टरांनी डिस्लेक्सिया सांगितलंय. ही पुस्तकं अंध मुलांसाठीच असतात ना? आणि ऐकायची सवय लागली तर तो वाचायचा कायमचा राहील, असं घरातले म्हणतात. – पाचोरा

भाऊ, ही पुस्तकं तुमच्या मुलाचीही आहेत. २०१३ च्या मराकेश करारात अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींबरोबर वाचनाची अडचण असलेले आणि हाताच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरता, पानं उलटता न येणारेही धरले आहेत. या कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. त्याच कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि इतर शिक्षणसाहित्य मोफत द्यायचं आहे. त्यामुळे यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज लांबणीवर टाकू नका.

‘वाचायचा राहील’ ही भीती मी घरोघरी ऐकते आणि तिला माझा ठाम विरोध आहे. अक्षर ओळखण्याचा सराव रोज थोडा वेळ, वेगळा चालू द्या. पण इतिहास-भूगोल समजायला त्याने त्या सरावाच्या शेवटाची वाट का बघायची? पाचवीतल्या मुलाची समज पाचवीचीच आहे. पुस्तक हाती नाही म्हणून त्याला दुसरीच्या मजकुरावर ठेवलं, तर दोन वर्षांत तो खरंच मागे पडतो आणि मग सगळे म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हणत होतो.’ ईझीरीडरसारख्या ॲपमध्ये आवाज चालू असताना तो शब्द किंवा ते वाक्य रंगाने उजळतं. कान आणि डोळा एकाच ठिकाणी राहतात. वेग सुरुवातीला कमी ठेवा.

प्रश्न : मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, पूर्ण अंध. संदर्भग्रंथ कुठून मिळवू? मैत्रिणीने पुस्तक स्कॅन करून दिलं तर तिच्यावर कॉपीराइटचा गुन्हा होईल का? – शिरपूर

होणार नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली यासाठीच तरतूद आली. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही पुस्तक तिला वापरता येईल अशा स्वरूपात करून देऊ शकतं – स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी. नफा कमवायचा नाही, एवढं पाळायचं. ती फाइल वर्गाच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. सवलत तुमच्यासाठी आहे, सगळ्या वर्गासाठी नाही.

पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासद व्हा. केंद्राच्या दिव्यांगजन विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्या साथीने ते २०१६ मध्ये सुरू केलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. हवं ते पुस्तक नसेल तर मागणी नोंदवता येते, पण पुस्तक तयार व्हायला वेळ जातो. म्हणून अभ्यासक्रम हाती येताच यादी करा, परीक्षेच्या तोंडावर नको. संगणकासाठी एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मोफत आहे. त्यातला मराठी आवाज यांत्रिक वाटतो, आठवड्याभरात कान सरावतो.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गाव धडगावच्या वर, रेंज नाही. वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. त्याला पुस्तकं कशी मिळतील? – नंदुरबार जिल्हा

सर, रेंजशिवाय जवळजवळ सगळं होतं. शहाद्याला किंवा नंदुरबारला गेलात की फोनच्या ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ (मजकूर बोलून दाखवण्याच्या) सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून ठेवा. हे राहिलं तर गावात नेट गेल्याबरोबर फोन मुका होऊ शकतो. पुस्तकं मेमरी कार्डवर घ्या. शाळेत परत जाण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकून एक पान ऐकून बघा.

धडा स्वतः टाइप करत असाल, तर वर्डमध्ये शीर्षक नुसतं ठळक करू नका, ‘हेडिंग’ ही स्टाइल लावा. ठळक अक्षर कानाला कळत नाही. हेडिंग असेल तर विद्यार्थी एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. अपूर्णांक ‘तीन छेद चार’ असे शब्दांत लिहा.

नकाशांपाशी बहुतेक जण हात टेकतात. ‘आकृती : तापी खोरे’ एवढंच लिहिलं तर त्याला काहीच मिळालं नाही. असं लिहून बघा : ‘तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या उत्तरेला सातपुडा. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या याच क्रमाने तिला मिळतात. पुढे ती गुजरातेत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते.’ स्वाध्यायात जे विचारलंय ते वर्णनात यायला हवं, बाकीचं गाळा. शिवाय पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नदी करा आणि त्याचं बोट तिच्यावरून फिरवा.

प्रश्न : आमचं छोटं प्रकाशन आहे, अहिराणी पुस्तकंही काढतो. आम्ही काय करावं? – जळगाव

पुढचं पुस्तक युनिकोडमध्येच जुळवून घ्या. छपाईची पीडीएफ करता त्याच वेळी ईपब ३ ची फाइलही काढायला सांगा. मथळ्यांना स्टाइल, चित्रांना वर्णन, छापील पानांचे क्रमांक फाइलमध्ये. नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. फाइल तपासायला डेझीचं ‘एस’ नावाचं साधन फुकट आहे. अहिराणीसाठी वेगळा आवाज शोधत थांबू नका. देवनागरी मजकूर मराठी आवाज वाचतो. हेल मराठी लागतो, काही शब्द आपटतात, पण पुस्तक कळतं. फाइल तयार झाली की एखाद्या अंध वाचकाला पैसे देऊन तपासायला लावा. तो अडखळेल तिथे दुरुस्ती करा आणि मगच विक्रीला काढा.