मंडळात परत कधी जाऊ?

पत्र : ताई, माझं वय ६१. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हातात अजून जोर नाही, काठी घेऊन चालतो. शब्द ओठांवर येतो आणि निसटतो. आमच्या वाचक मंडळाच्या बैठका मी वीस वर्षं चालवल्या. मध्यंतरी एका समारंभाला गेलो, तर माझ्यासमोरच एकाने बायकोला विचारलं, “यांना खुर्ची देऊ का?” जुना मित्र दिसला आणि मला सगळ्यांसमोर रडू कोसळलं. त्यानंतर कुठेच गेलो नाही. बोलणं पूर्ववत झालं की मंडळात जाईन म्हणतो, बायको म्हणते आत्ताच चला. मुलीच्या मदतीने चार दिवसांत हे पत्र लिहिलं.

उत्तर : प्रिय दादा,

चार दिवस खपून लिहिलंत, तर आधी उत्तर देते. पूर्ववत होण्याची वाट पाहू नका. याच महिन्यात जा.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, मग वेग मंदावतो. पण बोलणं पुढेही, सराव ठेवला तर कित्येक वर्षं सुधारत राहतं. आणि घरात तुमचा सराव होतो कुठे? तिथे तुम्ही नुसतं पाहिलंत तरी हवं ते हातात मिळतं. शब्द शोधावा लागतो तो बाहेरच्या माणसांशी बोलताना.

तुम्हाला जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एकाला तो होतो. शब्द सापडत नाहीत, पण तुमची समज, तुमची मतं शाबूत असतात. लोकांना हे ठाऊक नसतं, म्हणून ते बायकोला विचारतात. ते वाचून मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी वहिनींनी एवढंच करावं : तुमच्याकडे पाहावं आणि म्हणावं, “त्यांनाच विचारा.” मग तुम्हाला कितीही वेळ लागला तरी गप्प राहावं. हे त्यांना जड जाईल. आठ महिने त्या तुमची वाचा झाल्या आहेत.

जाण्याआधी मंडळाला चार ओळी पाठवा : ‘मला सगळं समजतं. ऐकू नीट येतं, ओरडू नका. एका वेळी एकानेच बोला. माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. फारच अडलो तर हो-नाही म्हणता येईल असं विचारा.’ हाच कागद खिशातही ठेवा.

पहिल्या दिवशी गर्दी जमायच्या आत पोहोचा. चारजण एकदम बोलू लागले की त्यातून एक आवाज वेगळा काढणं तुम्हाला आता अवघड जाईल, म्हणून कोपऱ्यातली जागा धरा. अर्ध्या तासाने उठायचं हे आधीच ठरवा, रंगात आलात तरी. झटक्यानंतरचा थकवा हा आळस नव्हे. दुसरा दिवस मोकळा ठेवा.

रडण्याबद्दल. भावनांना आवर घालणारा मेंदूतला लगाम झटक्यानंतर पुष्कळांच्या बाबतीत सैल होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नजर दुसरीकडे वळवा, श्वास सावकाश घ्या, ओसरेल. वारंवार होत असेल तर त्यावर औषध आहे. मात्र दोन आठवडे मन सतत खिन्न असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. झटक्यानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि उपचारांनी ते कमी होतं.

बैठक चालवणं सध्या जमणार नाही कदाचित. ते दुसऱ्या कुणाला चालवताना पाहून पोटात तुटेल, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण पुढच्या वेळी कोणतं पुस्तक घ्यायचं, हे ठरवायला बोट पुरतं. स्पीच थेरपिस्टकडे जात असाल तर नेहमीच्या तक्त्यांबरोबर मंडळातल्यांची नावं आणि ‘मला हे पुस्तक पटलं नाही’ हे वाक्य घोटून घ्या.

वहिनींना मात्र बरोबर नेऊ नका. आठ महिने त्याही घरातच आहेत, तो वेळ त्यांचा राहू द्या. सोबतीला तोच मित्र घ्या, ज्याला पाहून रडू आलं. तुमचं रडणं त्याने पाहिलंय, त्याच्यापाशी आता लपवायचं काही उरलं नाही. आजच मुलीकडून त्याला निरोप धाडा. दोन शब्द पुरतील : “न्यायला ये.”

तुमची,
ताई