ताणावरचे औषध आणि बिघडलेले पोट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लातूरच्या वसतिगृहातून पाठवलेले तुझे पत्र वाचले. नीटच्या अभ्यासाचा ताण हलका व्हावा म्हणून तू अश्वगंधा आणि ब्राह्मी असलेली कॅप्सूल सुरू केलीस, आणि तेव्हापासून सकाळची मळमळ, पोटात मुरडा व वरचेवर शौचास जावे लागणे मागे लागले आहे. दोष मात्र तू खानावळीतल्या तर्रीला देतो आहेस. तर्री निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, पण ती तू जूनपासून खातो आहेस आणि त्रास कॅप्सूलच्या पाठोपाठ आला आहे.

आपल्याकडे आस्कंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अश्वगंधेने काहींना मळमळ, ओकारी आणि पातळ जुलाब होतात, हे नवीन नाही. ब्राह्मीच्या चाचण्यांतही शौचाची वारंवारता वाढणे, पोटात कळ येणे आणि मळमळणे याच तक्रारी प्रामुख्याने आढळल्या आहेत. ही दोन्ही द्रव्ये एकत्र, तीही पहाटे उपाशीपोटी, आणि वर कोरा चहा. पोट कुरकुरले नसते तरच नवल.

आता डबीच्या मागचा बारीक मजकूर वाच, कारण पुढचा पुष्कळसा दोष तिथेच सापडतो. अर्क किती मिलिग्रॅम आहे ते पाहा. अश्वगंधेच्या मुळाच्या चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम असली, तरी अर्क दाट असल्यामुळे तो सहसा ३०० ते ६०० मिलिग्रॅमच देतात, आणि हा फरक न कळल्यामुळे मुले चूर्णाच्या हिशेबाने कॅप्सूल वाढवतात. अश्वगंधा मुळाचीच आहे ना, हेही तपास, कारण पानांचा वापर टाळावा अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती. ताणावरच्या मिश्रणांत मॅग्नेशियम असेल तर त्याने शौचास पातळ होते. शोषण वाढावे म्हणून घातलेले मिऱ्याचे सत्त्व काहींच्या पोटात जळजळ करते. आणि गोळ्या चघळायच्या असतील तर त्यांतील सॉर्बिटॉलसारख्या गोडव्यानेही जुलाब होतात. डबीवरचे हिरवे पान या कशाचीच हमी देत नाही. शिवाय कॅप्सूल कधी गरम दुधातून घेत असशील, तर दूध न पचणाऱ्या माणसाचे पोट दुधानेच फुगते आणि आळ बिचाऱ्या आस्कंदावर येतो.

तेव्हा आठ-दहा दिवस कॅप्सूल पूर्ण बंद ठेव, पण जेवण बदलू नकोस, नाहीतर नेमके कशाने बरे वाटले ते कळणार नाही. पोट साफ व्हावे म्हणून त्रिफळा किंवा दुसरे चूर्ण सुरू करू नकोस; त्रिफळा स्वतःच सारक आहे. जुलाब चालू असेपर्यंत ओआरएस घे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते चुकवूच नकोस. परीक्षेच्या धास्तीनेही आतडी चाळवतात, म्हणून कॅप्सूल सोडल्यावरही त्रास फक्त सराव परीक्षेच्या सकाळीच होत असेल, तर कारण वेगळे आहे आणि त्याचा उपाय डबीत नाही. पुन्हा घ्यायचेच ठरले, तर वैद्यांना विचारून, दोन्हींपैकी एकच द्रव्य, कमी मात्रेत आणि जेवणानंतर घे. तेही महिनोन्‌महिने नको, कारण अश्वगंधेच्या सुरक्षिततेचा अभ्यास मुख्यतः सुमारे तीन महिन्यांपर्यंतच झाला आहे.

एक लक्षणसमूह मात्र पोटबिघाड समजून अंगावर काढू नकोस: डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, शौचाचा रंग फिका पडणे, उजव्या बरगडीखाली दुखणे. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदली गेली आहेत, आणि ती बहुधा औषध सुरू केल्यानंतर दोन ते बारा आठवड्यांत दिसतात. असे काही दिसले तर कॅप्सूल त्या क्षणी थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून यकृताची रक्ततपासणी करून घे. नंतर ते औषध पुन्हा घेऊन पाहण्याचा मोह धरू नकोस. थायरॉईड, मधुमेह किंवा झोपेची गोळी घेणारी तुझ्या खोलीतली मुले हीच डबी वाटून घेत असतील, तर त्यांनाही थांबव, कारण अश्वगंधा या औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकते.

डबी फेकून देऊ नकोस. डॉक्टरांकडे जाताना सोबत ने आणि त्यांनी विचारायच्या आधीच ती दाखव. पुष्कळ रुग्ण जडीबुटीला औषधांत मोजत नाहीत, म्हणून तिचा उल्लेखच करीत नाहीत.

तुझा,
काका